‘श्यामची आई’ हाताने वाचताना

साने गुरुजींचे ‘श्यामची आई’ बहुतेक मराठी घरांत भेट म्हणून आलेले असते. कुणाच्या मुंजीत मिळालेले, कुणाला वक्तृत्व स्पर्धेच्या बक्षिसात मिळालेले. मोठ्यांनी ते लहानपणी डोळे पुसत वाचलेले असते, त्यामुळे मुलाच्या हातात देताना ते हमखास सांगतात, “वाच, म्हणजे आईची किंमत कळेल.” मुलाचे आणि पुस्तकाचे इथेच बिनसते. संस्काराचे औषध म्हणून पाजलेले पुस्तक मूल तोंड वाकडे करून संपवते आणि पुन्हा कपाटातून काढत नाही.

मला या पुस्तकात अश्रूंच्या आधी कामे दिसतात. श्याम पत्रावळ लावायला शिकतो, विहिरीत पोहायला शिकतो, आजारी आईच्या ऐवजी वडाला प्रदक्षिणा घालतो, भर पावसात दापोलीहून पालगडला, आपल्या गावी, चालत येतो. त्याच्या आईचा हात तर कधी रिकामा नसतो. साने गुरुजींनी जे सांगितले ते या कामांच्या ओघात सांगितले. आपण पुढे कामे गाळली आणि शिकवण तेवढी उरवली. माझ्या या संग्रहातले उपक्रम ती गाळलेली कामे मुलांच्या हातात परत देण्यासाठी आहेत. घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ते लिहिले, कारण एका कादंबरीबरोबर वर्षभर राहण्याची सवड त्यांच्याकडे असते. पण संध्याकाळी तासभर मोकळा असणाऱ्या कुठल्याही घराला ते चालतील.

‘श्यामची आई’ची घडणच घरच्या वाचनाला सोयीची आहे. गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात ९ फेब्रुवारी १९३३ या दिवशी लिहायला घेतले आणि १३ तारखेच्या पहाटे ते हातावेगळे केले. पुस्तकरूपाने ते १९३५ साली आले. त्यात प्रकरणे नाहीत, रात्री आहेत. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम मित्रांना आईची एक आठवण सांगतो, आणि अशा बेचाळीस रात्री होतात. म्हणजे मुळात हे ऐकायचे पुस्तक. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी ऐकावे, एका बैठकीत एकच रात्र. वाचून झाल्यावर लगेच प्रश्न विचारू नयेत, एवढी एक विनंती. “यातून काय शिकलास?” हा प्रश्न तर मुळीच नको. मूल दुसऱ्या दिवशी आपणहून काही बोलले तर त्याचे बोट धरून पुढे जावे. नाहीच बोलले, तरी त्या रात्रीचा उपक्रम करायला हरकत नाही.

होमस्कूलिंग हा शब्द आपल्याकडे नवा असला, तरी मराठी घरीच शिकण्याची वेळ या शहरावर आधी येऊन गेली आहे. छत्रपती संभाजीनगर औरंगाबाद होते आणि हैदराबाद संस्थानात होते, तेव्हा सरकारी शाळांतले वरचे शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली निघालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. सरस्वती भुवनसारखी संस्था १९१५ पासून उभी होती, तरी कितीतरी मुलांना मराठी वाचनाची गोडी लागली ती घरातल्या ओसरीवर, वडीलधाऱ्यांच्या तोंडून पोथ्या-पुस्तके ऐकून. १७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाले आणि पुढे मराठी शाळा गावोगाव आल्या. आज याच शहरात इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला मराठी पुन्हा घरातच मिळते, तेही मिळाले तर. तेव्हा हे काम आपल्या आजी-आजोबांच्या घरांनी केलेले आहे, आपण ते पुढे चालवायचे आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी शाळेचा विचार करतो. घरी शिकवण्याची वेगळी व्यवस्था त्यात नाही. बहुतेक पालक पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षा संस्थेच्या किंवा राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या परीक्षांना मुलांना बसवतात. त्या परीक्षांची तयारी हा या संग्रहाचा विषय नाही.

खरी अडचण वेगळीच आहे. श्यामचे गाव कोकणात, आणि आपण मराठवाड्यात. पालगडचे आगर, पडवी, नारळ, फणस, भाताची खाचरे आमच्या मुलांनी पाहिलेली नसतात. समुद्र तर पुस्तकात आणि पडद्यावर. कोकणाची चित्रे दाखवून ही दरी बुजवता येईल असे वाटते, पण दरी बुजवायची कशाला? तिच्यावरच मुलाला चालवावे. ‘पर्णकुटी’ ही दहावी रात्र वाचली की श्यामच्या झोपडीचे चित्र मुले काढतातच. त्याशेजारी माळवदाचे घर काढायला सांगावे. पैठणकडच्या किंवा फुलंब्रीकडच्या एखाद्या जुन्या गावात माळवद अजून बघायला मिळते. सपाट छप्पर, वर पांढऱ्या मातीचा थर, उन्हाळ्यात त्याच्यावरच झोपायचे. मग एकच प्रश्न विचारावा: हे घर पालगडला नेऊन ठेवले तर पहिल्या पावसाळ्यात त्याचे काय होईल? दापोलीकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून अधिक पाऊस पडतो, आपल्याकडे सातशेच्या आसपास. तिकडचे उतरते छप्पर आणि इकडचे सपाट, दोन्ही पावसाने ठरवले आहे. भूगोलाचा हा धडा मुले विसरत नाहीत, कारण उत्तर त्यांनीच काढलेले असते.

‘पत्रावळ’ ही सातवी रात्र आमच्या सगळ्या उपक्रमांची नांदी आहे. पळस आपल्या डोंगरांत भरपूर. फाल्गुनात तो निष्पर्ण होऊन लाल फुलतो, पुढे नवी पाने येतात, आणि पावसाळ्यानंतर ती टाचण्याजोगी मोठी झालेली असतात. अभयारण्यातून पाने आणू नयेत. एखाद्या शेताच्या बांधावरून, मालकाला विचारून आणावीत. पहिली पत्रावळ कुणाचीच धड होत नाही. काडी टोचताना पान फाटते, वरण खालून गळते. मोठ्यांनी हात पुढे करून ती नीट करून देऊ नये. गळक्या पत्रावळीवर मुलाने स्वतः जेवावे. तिसऱ्या-चौथ्या खेपेस काडी पानाच्या शिरेला धरून घालायची असते हे बोटांना आपोआप समजते. श्यामला ही कला येत नव्हती म्हणून त्याला ऐकून घ्यावे लागले, ही गोष्ट तोवर मुलाला पुस्तकातली वाटेनाशी होते.

‘मुकी फुले’ या तिसऱ्या रात्रीसाठी काही करायचे नाही, नुसते बघायचे आहे. मोगरा, तगर, जास्वंद, कुंडीत जे असेल त्याची एक कळी निवडावी आणि ती उमलेपर्यंत तास-तासाची नोंद ठेवावी. तोडायची नाही. एवढेच.

‘सांब सदाशिव पाऊस दे’ ही अठ्ठाविसावी रात्र मात्र मराठवाड्याने आपलीच म्हणावी. पावसाने ओढ दिली आहे आणि गाव देवाला साकडे घालते आहे. पालगडमध्ये ही वेळ क्वचित येणारी, आपल्याकडे दर काही वर्षांनी उंबऱ्यावर उभी राहणारी. मुलाने वही-पेन्सिल घेऊन घरातल्या किंवा शेजारच्या सर्वांत वयस्कर माणसाकडे जावे आणि बहात्तरच्या दुष्काळाबद्दल विचारावे. या शहरात हे सांगणारी माणसे अजून आहेत. रस्त्याच्या कामावर खडी फोडलेल्या आजी आहेत, सुकडी आणि मिलो खाल्लेले आजोबा आहेत, गुरे चारा-पाण्याविना कशी गेली हे सांगताना मध्येच थांबणारी माणसे आहेत. रोजगार हमी योजना त्याच दुष्काळात उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला, हे इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत येते. आजीच्या तोंडून ते तासभर चालते. पाऊस मागत दारोदार फिरणारी धोंडी त्यांनी पाहिली असेल तर तिचेही वर्णन लिहून घ्यावे. आमच्या संग्रहात मी एवढीच अट घातली आहे की मुलाने आजीचे शब्द तिच्याच बोलीत उतरवावेत, शुद्ध करू नयेत.

याच रात्रीला जोडून पावसाचे माप आहे. सरळ बाजूंची बरणी गच्चीवर ठेवायची, पट्टी लावून मिलीमीटर मोजायचे, जूनपासून सप्टेंबरपर्यंत रोज एक आकडा वहीत. एका चौरस मीटरवर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे सांगितले की पुढचा हिशोब मुले स्वतः करतात. पन्नास चौरस मीटरच्या गच्चीवर सातशे मिलीमीटर पडले तर पस्तीस हजार लिटर. आणि आपल्या नळाला पाणी येते काही दिवसांआड! दोन पाळ्यांच्या मधल्या दिवसांत घरात किती बादल्या लागल्या, कशाकशाला लागल्या, हा तक्ता भिंतीवर लागला की घरातल्या मोठ्यांचेही हात नळापाशी आखडतात. पुढे एखाद्या सुटीत पैठणला जाऊन जायकवाडी बघावे. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींनी पाया घातलेले आणि १९७६ साली पुरे झालेले हे धरण शहराची तहान भागवते, आणि त्याच वेळी त्याच्या पाण्यात गावे बुडाली आहेत. दोन्ही गोष्टी मुलांना सांगाव्यात. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, ही आठवण तर अजून ताजी आहे.

तेविसावी रात्र ‘अर्धनारी नटेश्वर’. ज्यांना बायकांची कामे म्हणतात ती श्याम आईबरोबर करतो. १९३३ साली हे लिहिणे धाडसाचे होते. नव्वद वर्षांनंतरही कितीतरी घरांत मुलाला ताट उचलायला सांगितले की आजी मध्ये पडते. म्हणून हा उपक्रम मुलग्यांनी आधी करायचा. कुठून तरी जाते मिळवावे, गावाकडे ते कोपऱ्यात पडलेले असतेच. पावशेर ज्वारी दळून बघावी. दहा मिनिटांत खांदे भरून येतात, आणि एका भाकरीपुरते पीठ अजून पडलेले नसते. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना खाम नदीकाठच्या पाणचक्कीवर न्यावे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात फकीर, यात्रेकरू आणि सैनिक यांच्यासाठी वाहत्या पाण्याच्या जोरावर धान्य दळले जाई. सतराव्या शतकात मलिक अंबरने या शहरात जमिनीखालून नहरी खेळवल्या, आणि ती परंपरा पाणचक्कीच्या पाण्यापर्यंत पोचते. पर्यटक तिथे हौदाचे फोटो काढून परततात. आदल्या दिवशी जाते ओढलेले मूल तिथे चाकाजवळ उभे राहते, पाणी कुठून येते, पाते कसे फिरते, हे विचारते, आणि घरी आल्यावर ही सगळी दळणे आईने एकटीने केली असती तर किती वेळ लागला असता याचा हिशोब मांडते.

बत्तिसाव्या रात्रीपासून पुस्तकात कर्ज शिरते आणि शेवटपर्यंत हटत नाही. तिथून पुढची प्रत्येक रात्र लहान मुलाला जड जाते, पण मराठवाड्यातल्या मुलांपासून कर्ज लपवून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या मामाच्या, काकाच्या शेतात ते आहेच. उपक्रम गणिताचा आहे. सावकार म्हणतो, “शेकडा दोन.” ऐकायला किती थोडे! शंभर रुपये घेतले, महिन्याला दोन रुपये व्याज, आणि न दिलेले व्याज दर महिन्याला मुद्दलात मिळवायचे. मुलांनी छत्तीस ओळींचा तक्ता हाताने करावा, कॅल्क्युलेटर फक्त ताळा बघायला. तीन वर्षांच्या शेवटी शंभराचे दोनशे चार होतात. शेवटच्या ओळीला आले की मुले एकदा तरी उलट जाऊन तपासतात, आपले चुकले असेल असे त्यांना वाटते. श्यामच्या आईला झोप का लागत नव्हती, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

आता जिथे मला या पुस्तकाशी भांडावे लागले, त्या जागा. ‘श्यामचे पोहणे’ या रात्रीत पाण्याला भिणाऱ्या श्यामला आई शिंपटीने झोडपून विहिरीवर पाठवते. त्याला कुणी भित्रा म्हणू नये, हे तिचे कारण. आजच्या मुलाला हे पटत नाही आणि पटूही नये. आमच्याकडे एका मुलीने आईविरुद्ध खटला भरला आणि दुसरीने आईची बाजू मांडली. मी निकाल दिला नाही. पालकांनीही देऊ नये. ज्या पुस्तकावर आपले प्रेम आहे त्याच्याशी असहमत होता येते, हे मुलाला इथेच पहिल्यांदा समजू शकते.

पंचविसावी रात्र ‘देवाला सारी प्रिय’ त्याहून कठीण आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्या म्हाताऱ्या बाईची मोळी पडते, आई श्यामला ती उचलून द्यायला सांगते, आणि घरी येऊन आंघोळ करायलाही सांगते. मोठी माणसे पहिला अर्धा भाग वाचून हेलावतात, दुसऱ्यावरून पुढे सरकतात. मुले तिथेच थांबतात: आंघोळ कशाला? हा प्रश्न दाबू नये. आईची माया खरी होती आणि तिला जातीचे कुंपणही होते, हे मुलाला झेपते. ज्या लेखकाने हे लिहिले, तोच मे १९४७ मध्ये पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दार हरिजनांना उघडावे म्हणून दहा दिवस उपोषणाला बसला, हे त्याच संध्याकाळी सांगावे. पण गोष्ट सवर्णांच्या पश्चात्तापावर संपवू नये. दुसऱ्या दिवशी मुलांना नागसेनवनात घेऊन जावे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० साली या शहरात महाविद्यालय काढले, ते आजचे मिलिंद. मोळी उचलून द्यायला कुणी येईल का याची वाट न बघता ज्यांनी शिकण्याची जागाच स्वतः उभी केली, त्यांचे हे आवार. इथल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळायला १४ जानेवारी १९९४ उजाडावे लागले, तोवर मराठवाड्यात काय काय घडले हे मोठ्या मुलांना सांगायला हरकत नाही. या रात्रीसाठी संग्रहात सर्वांत जास्त पाने आहेत आणि ती कमी करायला मी तयार झाले नाही.

व्रतवैकल्यांच्या रात्रींबद्दल काही पालकांनी विचारले. श्यामच्या आईचे घर धार्मिक ब्राह्मण घर आहे, सगळ्यांच्या घरी वटसावित्री नसते. आयुष्याच्या अखेरच्या काळात गुरुजी आंतरभारतीचे स्वप्न बघत होते, प्रांताप्रांताच्या लोकांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात असे त्यांना वाटे. या शहरात त्यासाठी गल्ली ओलांडली तरी पुरते. ‘सावित्री-व्रत’ वाचल्यावर मुलाने शेजारच्या अम्मीला तिच्या लहानपणीच्या पहिल्या रोज्याची आठवण विचारावी, बौद्ध घरातल्या आजीला वर्षावासात ती काय करते ते विचारावे. हीच त्याची त्रेचाळिसावी रात्र. ती त्याने स्वतः लिहायची, ‘रात्र’ असेच नाव देऊन.

अडतिसाव्या रात्रीपासून आईचे शेवटचे आजारपण सुरू होते. त्या पाच रात्रींसाठी या संग्रहात एकही उपक्रम नाही. संपादनाच्या वेळी मला सुचवण्यात आले की पत्र लिहून घ्यावे, चित्र काढून घ्यावे. मी नको म्हटले. दुःखाला गृहपाठ लावू नये. नऊ वर्षांखालच्या मुलांना या रात्री वाचून दाखवायची घाई करू नये, आणि ज्या घरात नुकतेच कुणी गेले असेल त्यांनी त्या खुशाल पुढच्या वर्षावर टाकाव्यात. मोठ्या मुलांबरोबर वाचताना वाचणाऱ्याचा आवाज अडकला तर अडकू द्यावा, दुसऱ्याने पुढे वाचावे.

थोड्या कामाच्या गोष्टी. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले, त्यामुळे त्यांच्या लेखनावरचा स्वामित्वहक्क संपला आहे आणि बाजारात पुष्कळ आवृत्त्या मिळतात. संक्षिप्त आवृत्ती घेऊ नये, कारण गाळलेल्या मजकुरात बहुधा कामेच गेलेली असतात. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट पुस्तक संपल्यावर दाखवावा. राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवलेला तो चित्रपट आहे, पण आधी पाहिला तर मुलाच्या मनातला श्याम पडद्यावरच्या श्यामसारखाच दिसू लागतो.

पहिल्या एकतीस रात्री बहुतांशी सुट्या सुट्या आहेत, त्या ऋतूप्रमाणे मागेपुढे करता येतील. बत्तीसपासून पुढे मात्र क्रम मोडू नये. सुरुवात जूनमध्ये करावी, म्हणजे पावसाची बरणी पहिल्या सरीपासून भरू लागते. पत्रावळ पोळ्यानंतर. दळण आणि पाणचक्की हिवाळ्यात, उन्हाचा त्रास नसताना. कर्जाचा तक्ता परीक्षांच्या दिवसांत नको. ‘आनंदाची दिवाळी’ या रात्रीत आई भाऊबिजेच्या पैशातून स्वतःसाठी काही न घेता वडिलांसाठी धोतर आणते. तिचा उपक्रम असा आहे की मुलाने साठवलेल्या पैशांतून घरातल्या एका माणसाला लागणारी वस्तू त्याच्या नकळत हेरायची, भाव विचारायचे आणि आणायची. वस्तू हेरायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो, तेव्हा ही रात्र वसुबारसेच्या आठवडाभर आधी वाचून ठेवावी, म्हणजे गुलमंडीच्या बाजारात गर्दी उसळण्यापूर्वी मुलांची खरेदी उरकेल.